पलंगाखालचा सिरका

किनिलाव करायला अक्कल लागत नाही, असं मी भर अंगणात जाहीर केलं तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन महिना उलटला होता, आणि अंगणात बसलेले सगळे त्याचेच मित्र होते.

ते बिचारे मदतीला आले होते. पान्योंगचा चाळिसावा जवळ आला होता. आमच्याकडे मानतात, की माणूस गेला तरी लगेच जात नाही. चाळीस दिवस घराभोवतीच घुटमळतो, भांडी वाजवतो, कुत्र्याला दचकवतो. चाळिसाव्या दिवशी प्रार्थना झाली, माणसं जेवली, की मग निघतो. त्या जेवणात किनिलाव, म्हणजे सिरक्यात मुरवलेला कच्चा मासा, हवंच, आणि ते आपणच करणार, असा प्रत्येकाचा हट्ट. एक म्हणे नारळाचं दूध शेवटी घालायचं, दुसरा म्हणे घालायचंच नाही, तिसरा म्हणे दूध घालणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. आवाज चढत गेले. मला वाटलं, हे लोक माझ्या नवऱ्याला निरोप द्यायच्या आधी एकमेकांनाच देऊन मोकळे होतील. म्हणून म्हणून गेले, की कोणी काही करायचं नाही, मी करते.

सगळे माझ्याकडे बघू लागले. आमच्या किनाऱ्यावर बायका भात रांधतात, रस्सा करतात, पण किनिलाव पुरुषांचं. पुरुषांनी ते स्वतःकडे का ठेवलंय तेही उघड आहे. किनिलाव चाखायला माडी लागते, माडी प्यायला किनिलाव लागतं, आणि या दोन्हींमध्ये बायको कुठे बसवणार?

मी म्हटलं, अहो, त्यात आहे काय? सुरमई ताजी घ्यायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, सिरका ओतायचा. चूल नाही, धूर नाही. मासा आपला आपणच शिजतो. मालकिणीने नुसतं बाजूला बसून आलं चिरायचं. पान्योंगच्या शेजारी बसून मी जन्मभर आलं सोललंय. एवढ्यात माकडसुद्धा शिकलं असतं.

गाउदेन तेवढा काही बोलला नव्हता. तो पान्योंगचा होडीतला जोडीदार. पान्योंग गेला तोही त्याच्या समोरच, भर पाण्यात, जाळ्याला टेकून. याला वाटलं डुलकी लागली, म्हणून याने आवाज न करता एकट्याने होडी किनाऱ्याला आणली. झोपमोड नको म्हणून. त्या दिवसापासून त्याचं बोलणंच कमी झालं होतं.

जाताना मला म्हणाला, "सितास, तू करशील गं. पण सिरका ओतल्यावर थांबायचं कधी, ते त्याच्या बोटांना कळायचं."

"माझ्या बोटांना काय झालंय?" मी म्हटलं.

आता खरं सांगते. माझा हट्ट त्या मित्रांसाठी नव्हता. चाळिसाव्याला नान्ते येणार होता.

नान्ते आमचा एकुलता एक. मालवाहू जहाजावर असतो. बापाला वाटायचं, पोराने आपली होडी चालवावी. पोराला वाटायचं, त्या होडीत बसून बापासारखंच म्हातारं होण्यापेक्षा बुडालेलं बरं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पोरगा निघाला त्या दिवशी सगळी आळी बंदरावर गेली, बाप गेला नाही. नान्ते बोट सुटेपर्यंत माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होता. मीही बघत होते. पान्योंग आलाच नाही.

त्यानंतर पोराने या गावात पाऊल टाकलं नाही. सुट्टी मिळाली की मनिलाला उतरायचा, तिथल्या तिथे राहायचा, पुन्हा दुसऱ्या जहाजावर चढायचा. फोन मात्र दर रविवारी. फोन वाजला की पान्योंगला हटकून होडी बघायला जायचं आठवे. उठून बाहेर जायचा, आणि खिडकीखाली उभा राहायचा. मला त्याच्या टोपीचं टोक दिसायचं. मग मी नान्तेशी अशी मोठ्याने बोलायचे, की शेजारणीला वाटे, मुलाचे कान गेले.

बाप गेला तेव्हा नान्तेचं जहाज कुठल्या तरी महासागराच्या मध्यात होतं. उतरायला बंदर नाही, मागे फिरायला वाट नाही. मातीला तो आला नाही. फोनवर रडलाही नाही. नुसतं विचारलं, मा, तू जेवलीस का. मी म्हटलं, तू ये. तू ये, मी तुला तुझा पा करायचा तसं किनिलाव खायला घालते. मग म्हणाला, येतो.

आता अशा वेळी किनिलाव कोणा दुसऱ्याच्या हातचं कसं चालेल?

चाळिसाव्याच्या पहाटे किनाऱ्यावर गेले. एक बारीकशी सुरमई घेऊन येणार होते. पण गाउदेन आधीच होडी लावून उभा. त्याने होडीतून जो मासा उचलला तो पाहून मी दोन पावलं मागे सरले. सुरमई कसली, शाळेतून घरी आणताना पोर खांद्यावर झोपावं तसा तो मासा त्याच्या खांद्यावर पडला होता. म्हणाला, पान्योंगसाठी. पैशाचं नाव काढू दिलं नाही. तो मासा अख्ख्या आळीतून मिरवत माझ्या घरी आला आणि ज्याने ज्याने पाहिला त्याने त्याने ठरवलं, की एवढा मासा म्हणजे आपल्यालाही बोलावणं असणार. सकाळचं ऊन चढेपर्यंत अंगणात खुर्च्या कमी पडल्या.

त्यातून मला सर्दी. म्हणजे डॉक्टर सर्दी म्हणाला, मी म्हणते रडणं. महिनाभर रडलं की नाक कायमचंच बंद होतं. ना वास, ना चव. मीठ खाल्लं काय, साखर खाल्ली काय, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. पण मी म्हटलं, किनिलावला नाक कशाला लागतं?

मोठ्या परातीत मासा चिरून ठेवला. आलं, कांदा, मिरची, छोटी लिंबं, सगळं हाताशी. आता सिरका. स्वयंपाकघरात माडीचा सिरका होता, रोजचा. तो घेऊन टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी झाडलोट करताना मला पलंगाखाली, पान्योंगच्या बाजूला, पार भिंतीशी, जुन्या जाळ्यात गुंडाळलेली एक मोठी काळपट बाटली सापडली होती. आत लालसर काहीतरी. आमच्या माडीत एका झाडाची लाल साल घालतात, त्यामुळे आमचा सिरकाही लालच असतो.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्याच्या किनिलावची सगळा गाव वाहवा करायचा आणि विचारलं की हा नुसता हसायचा. हे होतं तर! याचा खास सिरका वेगळा होता, आणि शेजारपाजारच्यांनी वाटी घेऊन येऊ नये म्हणून लबाडाने पलंगाखाली दडवला होता. मला इतका आनंद झाला, की क्षणभर त्याला हाक मारणार होते.

झाकण काही केल्या निघेना. वर कापड, कापडावर दोरा, दोऱ्यावर मेण. सुरी घातली, पक्कड लावली, शेवटी बाटली गुडघ्यात धरून ओढलं तेव्हा उघडलं. मनात म्हटलं, हा माणूस सिरक्यालासुद्धा तुफानातली होडी बांधतो तसा बांधतो. नाक लावून हुंगलं. अर्थात काहीच कळलं नाही. ओतला.

आता मासा पांढरा पडायला हवा. सिरका लागला की गुलाबी मासा बघता बघता पांढरा होतो, कडेपासून आत. मी बसले. आलं चिरलं. पाहिलं, गुलाबी. कांदा चिरला. पाहिलं, गुलाबी. उलट मघापेक्षा जरा जास्तच तजेलदार वाटला, जसा काही रविवारच्या आंघोळीला बसलाय. मी आणखी ओतला. तरी तसाच. गाउदेनचं ते थांबण्याबद्दलचं बोलणं डोक्यात होतं, पण इथे थांबणार कशावर, सुरुवातच होत नव्हती! शेवटी चिडून बाटली उलटी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत झटकली. वर नारळाचं दूध ओतलं, मिरच्या दुप्पट टाकल्या, आणि परात झाकून देवाच्या हवाली केली.

एवढ्यात निरोप आला, की ताक्लोबानहून येणारी बस वाटेत अडकली आहे. डोंगराची माती रस्त्यावर आली होती. नान्तेला उशीर होणार.

प्रार्थना त्याच्याशिवाय सुरू करायची नाही, असं मी सांगितलं. मनांग ब्रिहिदांनी ओठ मिटले. मनांग ब्रिहिदा, म्हणजे ब्रिहिदाताई, पान्योंगची थोरली बहीण. आमच्या आळीतल्या प्रत्येक मयताची प्रार्थना त्याच सांगतात. लग्न केलं नाही, उभ्या जन्मात माडीचा थेंब जिभेला लावला नाही, आणि हसलेल्या मी पाहिल्या त्या फक्त फोटोत, तोही लहानपणीचा. त्या सकाळपासून उपाशी होत्या. त्यांच्याबरोबरच्या प्रार्थनेच्या बायकाही उपाशी. दुपार उतरू लागली तशा त्या पंख्याने वारा घेत एकमेकींकडे बघू लागल्या.

मनांग ब्रिहिदांनीच मला जवळ बोलावून सांगितलं, की या बायकांच्या पोटात काहीतरी घाल, नाहीतर प्रार्थनेच्या आधीच आणखी एकीचा चाळिसावा धरावा लागेल. तयार असं फक्त किनिलावच होतं. मी वाट्या भरल्या. रस जास्त झाला होता, म्हणून तोही भरभरून दिला. पान्योंगच्या खास सिरक्यातलं आहे, असं प्रत्येकीला सांगितलंही. त्यामुळे कोणी नाही म्हणेना. मेलेल्या माणसाच्या सिरक्याला नाव कोण ठेवणार?

मनांगनी एक चमचा घेतला, डोळे बारीक केले. म्हणाल्या, "तेज आहे."

"पान्योंगचं तेजच असायचं, मनांग," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या आणि वाटी तोंडाला लावून रस प्यायल्या. मग दुसरी वाटी मागितली.

बाहेरचे पुरुष आत डोकावून बघत होते. त्यांना मी सांगितलं, तुमचं नान्ते आल्यावर.

थोड्या वेळाने मनांग म्हणाल्या, की देवाला किती ताटकळत ठेवायचं, आपण हळूहळू सुरू करू. जपमाळ सुरू झाली. पहिली फेरी नीट झाली. दुसरीत मनांगचं बोट मण्यावरून घसरलं आणि त्यांनी तोच मणी पुन्हा धरला. मग पुन्हा. बायका मागून एका सुरात म्हणत होत्या, पण तो सूर जरा जास्तच मोकळा झाला होता. कधी नव्हे ते वरच्या पट्टीत जात होत्या. संतांची नावं आली. मनांग एकेक नाव घेत, बायका म्हणत, त्याच्यासाठी विनंती कर. एकाच संताचं नाव लागोपाठ आलं तेव्हा मला वाटलं, तो यांचा लाडका असेल. मग मनांगनी पान्योंगच्या आत्म्यासाठी विनंती केली, मग त्याच्या होडीसाठी, मग त्याच्या कोंबड्यासाठी. बायका सगळ्याला मनापासून हो म्हणाल्या. कोपऱ्यातली एक जण खुदकन हसली, आणि ते हसू ओळीने पुढे सरकत आलं.

मी हादरले. चाळिसाव्याला हसणं? मनांग आता सगळ्यांना फोडून काढतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचे गाल डाळिंबासारखे लाल, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"माझ्या कमरेवर वाढला तो," त्या म्हणाल्या. प्रार्थनेतलं नव्हे ते, स्वतःचंच. "आई शेतात जायची. मी त्याला कमरेवर घेऊन विहिरीवर जायचे. एवढा जड होता मेला. खाली ठेवलं की रडायचा. माझी कंबर वाकडी झाली ती त्याच्यामुळे." आणि हसायला लागल्या. मग पुन्हा रडायला लागल्या. मग जपमाळ गळ्यात घालून टाकली.

बायकाही रडू लागल्या. कोणी आपल्या नवऱ्याचं नाव घेत होती, कोणी बुडालेल्या भावाचं. त्या घरात महिनाभर इतकं रडणं झालं नव्हतं. सगळे तोवर बेताने, रुमाल धरून रडलेले. मी मधोमध उभी, एकटीच कोरडी, आणि काय झालंय ते कळत नाही.

नेमका त्याच वेळी दारात नान्ते येऊन उभा राहिला.

हातात बॅग, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. मातीच्या ढिगाऱ्यावरून चालत आला होता. मी त्याला कितीतरी वर्षांनी समोर पाहत होते. फोनच्या काचेत कळलं नव्हतं. केस कपाळावर मागे गेलेले, एक खांदा किंचित खाली. हुबेहूब तोच.

मनांग ब्रिहिदा उठल्या. झोकांड्या खात गेल्या, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "पान्योंग, कुठे होतास रे इतके दिवस? आम्ही किती शोधलं तुला."

घरातलं हसणं, रडणं, सगळं थांबलं. मनांग, हा नान्ते आहे, असं सांगायला मी पुढे झाले. तो वाकला, आत्याचा हात कपाळाला लावला, आणि हळूच म्हणाला, "आलो ना आता." मग त्याने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. बसताच त्यांनी त्याच्या हातावर डोकं टेकलं आणि घोरू लागल्या.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मा, या सगळ्या प्यायल्या आहेत का?"

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, या प्रार्थनेच्या बायका आहेत.

एव्हाना बाहेरचे पुरुषही दारात जमले होते. गाउदेन पुढे आला. टेबलावरच्या परातीतला एक तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला. चावला. थांबला. मग चमचाभर रस घेतला आणि तो जिभेवर तसाच धरून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं काटा अडकला.

"सितास," तो म्हणाला, "सिरका कुठल्या बाटलीतला?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पलंगाखालची. जाळ्यात गुंडाळलेली. त्याची खास.

"सगळी?"

"सगळी. मासा पांढराच होईना."

गाउदेन खाली बसला, तिथेच, जमिनीवर. म्हणाला, "तो सिरका नव्हे. ती माडी आहे."

आता मला सांगा, मी कुठे तोंड लपवावं? डॉक्टरांनी पान्योंगला माडी बंद केली होती. त्याने चर्चमध्ये मेणबत्ती लावून शपथ घेतली होती. आणि मी सगळ्या गावात सांगत फिरले होते, की शपथ पाळणारा नवरा पाहायचा असेल तर आमच्याकडे या. त्याच चर्चच्या बायका आता माझ्या घरात, माझ्याच नवऱ्याच्या चोरट्या माडीने झिंगून, माझ्याकडे बघत होत्या. कुणाची तरी कुजबुज ऐकू आली, की बिचारी सितास, तिला कळलंच नाही. माझ्या अंगाची लाही झाली. चाळीस दिवस मी ज्याच्यासाठी रडले तो पलंगाच्या त्या कडेला झोपून रात्री हात खाली घालत होता तर!

मी तेच बोलले, सगळ्यांदेखत. गाउदेनने मला संपवू दिलं.

मग म्हणाला, "झाकण कोणी उघडलं?"

"मी."

"कसं होतं?"

मला ते कापड आठवलं, तो दोरा, ते मेण. पक्कड.

"प्यायला म्हणून एकदाही उघडलं नव्हतं," गाउदेन म्हणाला. "मी होतो ना ते बांधताना." आणि मग तो माझ्याकडे न बघता नान्तेकडे बघून सांगू लागला. महिनाभरात एवढं तो पहिल्यांदाच बोलला.

नान्ते निघाला त्या सकाळी पान्योंग घरातून बाहेर पडला होता, तो बंदरावर जायलाच. अर्ध्या वाटेपर्यंत गेला. मग गाउदेनला म्हणाला, मी तिथे गेलो तर रडेन, आणि पोरगं माझं रडणं बघून राहून जाईल, आणि मग आयुष्यभर मला दोष देईल. तिथून मागे फिरून दोघं माडी उतरवणाऱ्याच्या झाडाखाली जाऊन बसले. बोटीचा भोंगा तिथे ऐकू आला. भोंगा थांबेपर्यंत पान्योंग कानावर हात ठेवून बसला होता. मग त्याने त्या दिवशीची ताजी माडी विकत घेतली, साल घातली, बाटलीत भरली. मुरू दे म्हणाला. पोरगा ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी फोडू. वर्षाच्या वर्षाला दोघं ती गाळायचे, पुन्हा भरायचे आणि नव्याने मेण लावायचे. शपथ घेतल्यावर गाउदेनने विचारलं होतं, आता हिचं काय? तर म्हणाला, देव एक पेला मोजायचा नाही. मोजला तर मोजू दे.

"तुझ्यासोबत प्यायची होती त्याला," गाउदेन म्हणाला. "बाकी काही नाही."

घरात फक्त मनांगचं घोरणं ऐकू येत होतं.

नान्तेने बाटली मागितली. मी आणून दिली. त्याने उजेडात धरली, उलटी केली. मी शेवटचा थेंब झटकून घेतला होता. इतकी वर्षं त्या दोघांनी जी जपली ती मी एका सकाळीत माशाला पाजली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच आलं, "मला सर्दी झालीय रे."

त्याने एक पेला घेतला. परातीपाशी गेला. आल्याचे, कांद्याचे, मिरचीचे तुकडे बाजूला सारत पेल्यात रस भरला. गढूळ, गुलाबी, वर नारळाच्या दुधाचे थेंब तरंगणारा. आमच्याकडे पिताना एकच पेला सगळ्यांत फिरतो, आणि पहिला घोट जमिनीवर सांडायचा असतो, जे बसायला नाहीत त्यांचा. नान्ते उंबऱ्याशी गेला, तो घोट सांडला, आणि उरलेला एका दमात प्यायला.

मग जो खोकला लागला! दुप्पट मिरच्या होत्या त्यात. तो वाकला, दाराला धरलं, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. गाउदेन पाठीवर थोपटत होता. खोकला थांबला तरी पाणी थांबेना, आणि त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा गाउदेनने थोपटणं थांबवलं आणि नुसता हात ठेवला. मी पाहुण्यांना म्हटलं, मिरची फार झाली. सगळ्यांनी हो म्हटलं.

कितीतरी वेळाने तो सरळ झाला. म्हणाला, "मा, इतकं वाईट किनिलाव मी जगात कुठे खाल्लं नाही." आणि पेला पुन्हा भरायला पुढे केला.

पेला फिरला. गाउदेन प्यायला, मित्र प्यायले, नारळाचं दूध घालणाऱ्याचं तोंड न बघणाराही मुकाट प्यायला. शेवटी माझ्याकडे आला. मी त्या पेल्यात तोंड घातलं आणि मिरचीने माझं नाक एका झटक्यात उघडलं. मासा, आलं, खोबरं, आणि खाली कुठेतरी खोल, जुन्या लाकडासारखा वास. पान्योंग संध्याकाळी होडीवरून यायचा तसा. मी पेला खाली ठेवला आणि टेबलावरच्या फडक्यानेच तोंड झाकलं.

उरलेला मासा निखाऱ्यावर भाजला. भाजलेला फार चांगला झाला, असं सगळे म्हणाले. मनांग ब्रिहिदा जाग्या झाल्या, भरपूर जेवल्या, आणि डोकं दुखतंय ते प्रार्थना लांबल्यामुळे, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

ऊन कलल्यावर माणसं पांगली. नान्ते आणि गाउदेन होडी बघायला म्हणून किनाऱ्यावर गेले. आता माझं शेवटचं काम उरलं होतं. समुद्राकडचं दार उघडायचं आणि पान्योंगला जा म्हणायचं. या निरोपासाठी मी कितीतरी दिवस मनात वाक्यं जुळवली होती. त्यात लाटा होत्या, चांदणं होतं, पुन्हा भेटू असंही होतं. इतकी सुंदर वाक्यं होती, की म्हणून बघताना मलाच रडू यायचं.

दार उघडलं. वारा आत आला. मी तोंड उघडलं आणि म्हणाले,

"मेल्या, बाटलीवर एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं तुला? अं? सगळं आपलं मनात ठेवायचं, पलंगाखाली ठेवायचं! पोराला सांगायचं नाही, मला सांगायचं नाही. माझ्याच अंथरुणाखाली ठेवून मलाच पत्ता नाही. मी काय परकी होते? मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर पोराला कान धरून आणलं असतं मी, दोघं बसून प्यायला असतात, मी भाजून दिलं असतं काहीतरी. आता बस."

आणखीही बरंच बोलले. दम लागेपर्यंत बोलले. जरा थांबले आणि ऐकलं.

संसार सुरू झाल्यापासून त्याची जी रीत होती ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. मी बोलत होते तेवढ्यात निघून गेला होता.